कर्क्युमिनच्या गोळ्या: डबीची मागची बाजू आधी वाचा

मेडिकलच्या दुकानात आणि ऑनलाइन, हळदीच्या नावाखाली सध्या निदान चार वेगवेगळ्या गोष्टी विकल्या जातात. चारही डब्यांवर चित्र एकच: मोडलेलं हळकुंड आणि शेजारी पिवळ्या पुडीचा ढीग. आत मात्र एका कॅप्सूलमध्ये १५ मिलिग्रॅम कर्क्युमिन (हळदीतला पिवळा, गुणकारी मानला जाणारा घटक) असतं, तर दुसरीत ४७५. किमतीवरून याचा अंदाज बांधता येत नाही, उलट कधीकधी १५ वालीच महाग निघते. म्हणून हे परीक्षण एखाद्या ब्रँडचं नाही, प्रकारांचं आहे. ब्रँड वेष्टनं बदलत राहतात, आतले प्रकार तेच असतात.

पहिला प्रकार म्हणजे साधी हळद पूड भरलेली कॅप्सूल. हिला आमच्याकडून शून्य गुण. पुढच्या बाजूला ठसठशीत अक्षरांत ‘हळद ५०० मिग्रॅ’ आणि मागे बारीक अक्षरांत ‘हरिद्रा कंद चूर्ण’ असं लिहिलेलं असतं. हळदीत कर्क्युमिन साधारण २ ते ५ टक्के असतं. ३ टक्के धरलं तर ५०० मिलिग्रॅम पुडीत ते १५ मिलिग्रॅम भरतं. चहाचा एक सपाट चमचा हळद म्हणजे सुमारे ३ ग्रॅम, म्हणजे ९० मिलिग्रॅम कर्क्युमिन, म्हणजे अशा सहा कॅप्सूल. आता समजा ६० कॅप्सूलची डबी ४०० रुपयांना आहे. आत एकूण पूड ३० ग्रॅम. हा भाव किलोला तेरा हजारांच्या वर गेला! एवढ्या पैशांत वायगावची किंवा मेघालयातली लाकाडोंग हळद घरी आणली तर कित्येक महिन्यांची सोय होईल.

दुसरा प्रकार ९५ टक्के अर्काचा. इथे मागच्या बाजूला ‘कर्क्युमा लोंगा अर्क ५०० मिग्रॅ, ९५ टक्के कर्क्युमिनॉइड’ असं स्पष्ट लिहिलेलं असायला हवं. (कर्क्युमिनॉइड म्हणजे कर्क्युमिन आणि त्याची जवळची भावंडं.) त्यातून प्रत्येक कॅप्सूलमागे ४७५ मिलिग्रॅम मिळतं. वेष्टनावर टक्केवारी नसेल आणि नुसतं ‘१०:१ अर्क, ५००० मिग्रॅ हळदीइतका’ असं असेल तर डबी खाली ठेवा. दहा किलो हळदीतून एक किलो अर्क काढला, एवढंच त्या गुणोत्तरातून कळतं. त्या एक किलोत कर्क्युमिन किती उतरलं, हे त्यावरून अजिबात कळत नाही. आणखी एक खुबी ‘एक मात्रा’ या शब्दात दडलेली असते. १००० मिग्रॅ असं छापून खाली ‘एक मात्रा = २ कॅप्सूल’ लिहिलेलं असतं. ६० ची डबी मग महिनाभरच पुरते.

पूड आणि अर्क यांतला फरक घरीही बऱ्यापैकी ओळखता येतो. पांढऱ्या बशीत कॅप्सूल उघडा. अर्क नारिंगीकडे झुकणारा, अगदी बारीक आणि बोटाला चिकटून बसणारा असतो. पूड मोहरीच्या रंगाची, थोडी खरखरीत असते आणि तिला स्वयंपाकघरातला ओळखीचा वास येतो. (अर्काला वास फारसा नसतो, कारण सुवासिक तेल बहुतेक निघून गेलेलं असतं. ‘वास येत नाही म्हणजे नकली’ हा निष्कर्ष चुकीचा आहे.) मग चिमूटभर माल दोन चमचे सर्जिकल स्पिरिटमध्ये ढवळा. जवळ गॅस किंवा दिवा नको. अर्क जवळपास पूर्ण विरघळतो आणि लालसर पिवळा, आरपार दिसणारा द्राव तयार होतो. पुडीचा रंग उतरतो, पण तळाशी चोथा राहतो. तिसरी चाचणी आयोडीनची. थोडा माल पाण्यात कालवून त्यावर पोव्हिडोन-आयोडीनचा एक थेंब टाका. हळकुंडात स्टार्च भरपूर असतो, त्यामुळे पूड काळपट निळी-हिरवी होते. शुद्ध अर्क होत नाही. गोळी असेल तर मात्र ही चाचणी फसवते, कारण गोळी बांधायला मक्याचा स्टार्च वापरलेला असू शकतो. कॅप्सूलमध्येही भर म्हणून तो असू शकतो, तेव्हा इतर घटकांची यादी आधी वाचा.

चुन्याच्या निवळीने रंग लाल होतो ही चाचणी सगळे सांगतात. तिच्यातून कर्क्युमिन आहे एवढं कळतं. किती आहे आणि कुठून आलं ते कळत नाही. कारखान्यात व्हॅनिलिनपासून बनवलेलं कृत्रिम कर्क्युमिनही चुन्याने तसंच लाल होतं.

इथे बॅचचं तपासणी प्रमाणपत्र कामाला येतं. चांगली कंपनी ते संकेतस्थळावर ठेवते किंवा बॅच क्रमांक कळवल्यावर पाठवते. त्यात पहिली गोष्ट बघायची ती मोजणीची पद्धत. ‘स्पेक्ट्रोफोटोमीटर’ लिहिलं असेल तर फार विश्वास ठेवू नका. ते यंत्र साधारण ४२५ नॅनोमीटरला पिवळेपणा मोजतं आणि तो पिवळेपणा कर्क्युमिनचा की मेटॅनिल यलोसारख्या भेसळीच्या रंगाचा, यात भेद करत नाही. ‘एचपीएलसी’ (घटक वेगळे करून मोजणारी पद्धत) असेल तर तीन घटक वेगवेगळे दिसतात: कर्क्युमिन, डिमेथॉक्सी-कर्क्युमिन आणि बिसडिमेथॉक्सी-कर्क्युमिन. हळदीतून काढलेल्या अर्कात पहिलं साधारण ७५ ते ८० टक्के, दुसरं १५ ते २० टक्के आणि तिसरं थोडंसं असतं. पहिलंच जवळजवळ शंभर टक्के आणि बाकी दोन नावालाच असतील तर माल कृत्रिम असल्याची दाट शंका घ्यावी. त्याखाली शिसं, आर्सेनिक, कॅडमियम आणि पाऱ्याचे आकडे हवेत. अर्क काढायला अ‍ॅसिटोन, इथाइल अ‍ॅसिटेट अशी द्रावकं वापरतात, त्यामुळे त्यांचे उरलेले अंशही नोंदलेले हवेत. प्रयोगशाळेला एनएबीएलची (प्रयोगशाळा तपासणाऱ्या राष्ट्रीय मंडळाची) मान्यता आहे का तेही बघा. शिशाचा मुद्दा हळदीत कागदापुरता नाही. हळकुंडांना चकाकी यावी म्हणून पॉलिश करताना लेड क्रोमेट हा शिशाचा पिवळा रंग चोळण्याचे प्रकार बांगलादेशात आणि आपल्याकडेही सापडलेले आहेत. बाजारात हळकुंडाचा भाव जाडी, रंग, चकाकी आणि मोडताना येणारा खणखणीत आवाज यांवर ठरतो. त्यातली चकाकी तेवढी वरून आणता येते.

आता शोषणाकडे, म्हणजे खाल्लेलं रक्तात किती पोचतं याकडे येऊ, कारण तिसरा आणि चौथा प्रकार त्याच जिवावर विकले जातात.

कर्क्युमिन पाण्यात विरघळत नाही. आतड्यातून जे थोडंफार आत जातं, त्याला आतड्याची भिंत आणि यकृत लगेच ग्लुक्युरोनिक आम्ल जोडून बाहेर काढायच्या तयारीत ठेवतात. त्यामुळे दोन ग्रॅम साधा अर्क खाल्ला तरी रक्तात मुक्त कर्क्युमिन जेमतेम सापडतं. १९९८ साली बंगळुरूच्या सेंट जॉन्स मेडिकल कॉलेजमधल्या अभ्यासात निरोगी माणसांना २ ग्रॅम कर्क्युमिनबरोबर मिऱ्यातलं २० मिलिग्रॅम पिपरिन दिलं, तेव्हा शोषण २० पट वाढलं. ‘२००० टक्के’ हा जो आकडा प्रत्येक डबीवर दिसतो तो इथून आलेला आहे. आकडा खरा आहे, पण जवळजवळ शून्याची वीसपट म्हणजे फार मोठी रक्कम होत नाही, हे डबी सांगत नाही. शिवाय अभ्यासातलं कर्क्युमिन २ ग्रॅम होतं आणि नेहमीच्या कॅप्सूलमध्ये ५०० मिलिग्रॅमला ५ मिलिग्रॅम पिपरिन असतं.

तिसऱ्या प्रकाराबद्दल, म्हणजे अर्क अधिक पिपरिन या सर्वांत जास्त खपणाऱ्या जोडीबद्दल, आमचं मत स्पष्ट आहे: दुसरं कुठलंही औषध रोज चालू असेल तर ही घेऊ नका. पिपरिन काही कर्क्युमिनपुरतं निवडून काम करत नाही. यकृतातली आणि आतड्यातली जी यंत्रणा औषधं मोडते तीच ते मंदावतं. फेनिटॉइन (फिटचं), प्रोप्रॅनोलॉल (बीपीचं), थिओफायलिन (दम्याचं) या औषधांचं रक्तातलं प्रमाण पिपरिनने वाढल्याचं दिसलेलं आहे. जम्मूच्या सीएसआयआर प्रयोगशाळेच्या कामातून क्षयरोगासाठी जे एकत्र औषध निघालं, त्यात १० मिलिग्रॅम पिपरिनच्या जोरावर रिफाम्पिसिन या क्षयाच्या औषधाची मात्रा ४५० वरून २०० मिलिग्रॅमवर आणली गेली. दहा मिलिग्रॅम एवढं करत असेल, तर दिवसाला दोन कॅप्सूलमधून तेवढंच पिपरिन आपल्या बीपीच्या किंवा फिटच्या गोळीशी काय करेल, हा प्रश्न डबीवर कुठे तरी छापायला हवा होता. ज्यांना औषध काहीच चालू नाही त्यांना पिपरिनची कॅप्सूल विकत घ्यायची गरज नाही. एका मिऱ्यात साधारण २ मिलिग्रॅम पिपरिन असतं. दोन-तीन मिरे ठेचून जेवणात घातले की कॅप्सूलमधल्याइतकं झालं.

चौथा प्रकार ‘शोषण वाढवलेल्या’ अर्कांचा. कर्क्युमिन लेसिथिन या स्निग्ध पदार्थाशी बांधलेलं (मेरिव्हा), हळदीच्याच तेलात परत मिसळलेलं (बीसीएम-९५, केरळमधल्या कंपनीचं), अतिसूक्ष्म कणांचं (थेराक्युर्मिन) असे त्याचे उपप्रकार. २७ पट, २९ पट, १८५ पट असे आकडे यांच्या जाहिरातींत असतात. हे आकडे एकमेकांशेजारी ठेवून तुलना करू नका. प्रत्येकाने तुलनेला घेतलेला साधा अर्क वेगळा, मात्रा वेगळी आणि मोजणी वेगळी. शिवाय पुष्कळ अभ्यासांत रक्ताचा नमुना आधी एन्झाइम घालून फोडतात आणि मग मोजतात. म्हणजे शरीराने बांधून निकामी केलेलं कर्क्युमिनही ‘शोषलं गेलं’ या खात्यात जमा होतं. मुक्त कर्क्युमिन किती होतं, ते अहवालात शोधावं लागतं. तरीही चारांत पैसे घालायचेच असतील तर आम्ही लेसिथिनवाला किंवा तेलातला प्रकार निवडू, कारण कमी मात्रेत काम भागतं आणि पिपरिनची भानगड नाही. फक्त हिशेब नीट करा: लेसिथिनवाल्या अर्कात कर्क्युमिनॉइड सुमारे २० टक्केच असतं. ५०० मिलिग्रॅमची कॅप्सूल म्हणजे १०० मिलिग्रॅम. ती ९५ टक्केवालीपेक्षा ‘कमजोर’ दिसते, पण तसं समजून दुप्पट घेऊ नका.

गमीज, फसफसणाऱ्या गोळ्या आणि ‘लिपोसोमल’ थेंब यांवर फार शब्द खर्च करण्यासारखं काही नाही. गमीत साखर आणि जिलेटिन किंवा पेक्टिन यांनीच जागा भरते. कर्क्युमिन कडवट आणि गडद रंगाचं, ते गमीत फारसं घालता येतच नाही. घटक आणि टक्केवारी दिलेली नसेल तर हे सगळं मिठाईच्या फळीवर शोभेल.

मग या गोळ्यांनी होतं काय? गुडघेदुखीसाठी पुरावा बऱ्यापैकी आहे. थायलंडमध्ये ३६७ रुग्णांवर चार आठवडे केलेल्या चाचणीत दिवसाला १५०० मिलिग्रॅम हळदीचा अर्क आणि १२०० मिलिग्रॅम आयबुप्रोफेन यांचा वेदनेवरचा परिणाम जवळपास सारखा दिसला, आणि पोटाचे त्रास अर्क घेणाऱ्यांत कमी होते. ऑस्ट्रेलियात ७० जणांवर १२ आठवडे झालेल्या चाचणीत दुखणं निष्क्रिय गोळीपेक्षा जास्त उतरलं, पण एमआरआयमध्ये सांध्याच्या सुजेत फरक पडला नाही. म्हणजे दुखणं कमी होतं. झिजलेली कूर्चा भरून येते असा दावा करणाऱ्या विक्रेत्याकडून काहीच घेऊ नका. सहा ते आठ आठवड्यांत फरक जाणवला नाही तर तिथेच थांबायचं, डबी संपवायची म्हणून घेत राहायचं नाही.

पुरावा असलेली दुसरी जागा अल्सरेटिव्ह कोलायटिसची, म्हणजे मोठ्या आतड्याला सूज आणि व्रण येण्याच्या आजाराची. जपानमध्ये २००६ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत नेहमीच्या औषधाबरोबर दिवसातून दोनदा १ ग्रॅम कर्क्युमिन दिलं. सहा महिन्यांत आजार उलटण्याचं प्रमाण कर्क्युमिनवाल्यांत ५ टक्क्यांच्या आत राहिलं, इतरांत ते २० टक्क्यांच्या आसपास होतं. इथे एक मजा आहे. आजार मोठ्या आतड्यात आहे, आणि न शोषलेलं कर्क्युमिन नेमकं तिथेच पोचतं. तिथले ई. कोलायसारखे जिवाणू त्याचं टेट्राहायड्रोकर्क्युमिनमध्ये रूपांतर करतात. त्यामुळे या कामासाठी शोषण वाढवलेली महाग कॅप्सूल घेणं म्हणजे माल आधीच्याच स्टेशनवर उतरवून ठेवणं. साधा ९५ टक्के अर्क पुरतो, अर्थात पोटाच्या डॉक्टरांना विचारून आणि चालू औषध न सोडता.

कर्करोग, स्मृतिभ्रंश, मधुमेह ‘बरा’ करण्याचे दावे सोडून द्या. २०१७ साली औषधरसायनशास्त्राच्या एका मोठ्या परीक्षणात अमेरिकी शास्त्रज्ञांनी दाखवलं की प्रयोगशाळेतल्या चाचण्यांत कर्क्युमिन खोटे ‘यश’ दाखवण्यात पटाईत आहे. ते स्वतः चमकतं, प्रथिनांना नको तसं चिकटतं आणि लवकर विघटित होतं. परीक्षानळीत ते जवळपास प्रत्येक रोगावर चालतं ते त्यामुळे.

आता यकृत. याबद्दल दुकानात कुणी बोलत नाही, म्हणून इथे सविस्तर. २०१८ च्या अखेरीपासून २०१९ पर्यंत इटलीत हळदीच्या पूरक गोळ्या घेणाऱ्या वीसहून अधिक लोकांना तीव्र कावीळ झाली. तपासात गोळ्यांमध्ये भेसळ सापडली नाही. पुढे २०२२ मध्ये तिथल्या सरकारने अशा गोळ्यांवर इशारा छापणं सक्तीचं केलं. त्याच वर्षी अमेरिकेतल्या यकृत-इजा नोंदवणाऱ्या गटाने दहा रुग्णांची माहिती दिली. दहापैकी सात जणांत एचएलए-बी*३५:०१ हा जनुकीय प्रकार होता आणि एकाचा यकृत निकामी होऊन मृत्यू झाला. तपासलेल्या काही नमुन्यांत पिपरिनही होतं. भाजीत हळद खाऊन असं होत नाही. शोषण वाढवलेल्या मोठ्या मात्रेत, आणि थोड्याच लोकांत, होतं. ते थोडे कोण हे आधी कळत नाही, म्हणून लक्षणं माहीत असावीत: गोळी सुरू केल्यापासून साधारण एक ते चार महिन्यांत न समजणारा थकवा, भूक मरणं, खाज, गडद लघवी, पिवळे डोळे. शौच पिवळं होणं हे मोठ्या मात्रेत नेहमीचंच आहे, त्याला घाबरू नका. डोळ्यांचा पांढरा भाग हळदीने पिवळा होत नाही. तो पिवळा दिसला की गोळी त्याच दिवशी बंद करायची, एसजीपीटी आणि बिलिरुबिन (यकृताच्या रक्ततपासण्या) तपासायचं आणि डॉक्टरांना डबी दाखवायची. बहुतेकांचं यकृत गोळी थांबवल्यावर पूर्ववत होतं. पण एकदा असं झालं की ब्रँड बदलूनसुद्धा परत घ्यायची नाही.

ज्यांनी घेऊच नये त्यांची यादी अशी. पित्ताशयात खडे असलेले, कारण ४० मिलिग्रॅम कर्क्युमिननेही पित्ताशय आकुंचन पावतं आणि खडा नळीत अडकू शकतो. वॉरफरिन हे रक्त पातळ ठेवणारं औषध घेणारे: न्यूझीलंडमध्ये २०१८ साली अशा एका रुग्णाचा आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो ते दाखवणारा आकडा) हळदीच्या गोळ्यांनंतर १० च्या पुढे गेल्याची नोंद आहे. अवयव प्रत्यारोपणानंतर, शरीराने नवा अवयव नाकारू नये म्हणून टॅक्रोलिमस चालू असलेले. गरोदर स्त्रिया. शस्त्रक्रिया ठरली असेल तर दोन आठवडे आधी थांबवून भूलतज्ज्ञांना सांगावं. हिमोग्लोबिन कमी असलेल्या बायकांनी लोहाच्या गोळीबरोबर ही मुळीच घेऊ नये, कारण कर्क्युमिन लोहाला बांधतं. आणि मूतखड्याचा इतिहास असलेल्यांनी हळद पुडीच्या कॅप्सूल किंवा चमचा-चमचा हळद पाण्यातून घेणं टाळावं. पुडीत मूतखडे बनवणारं ऑक्झलेट भरपूर असतं आणि तेही सहज विरघळणारं.

मात्रेबद्दल युरोपातली मर्यादा वजनाच्या दर किलोमागे रोज ३ मिलिग्रॅमची आहे, म्हणजे ६० किलोच्या माणसाला १८०. फ्रान्सच्या अन्नसुरक्षा संस्थेने जेवणातून येणारी हळद वजा करून गोळ्यांसाठी १५३ मिलिग्रॅम सुचवलं. साध्या ९५ टक्केच्या एका कॅप्सूलमध्ये याच्या तिप्पट असतं. गुडघ्यांच्या चाचण्यांतली मात्रा या मर्यादेच्या वर जाते, म्हणून ती ठरावीक आठवड्यांसाठी आणि डॉक्टरांना सांगून घ्यावी, कायमची नाही. जेवणाच्या मध्यावर घ्या, वरणभातावर तूप असेल ते उत्तम. उपाशीपोटी घेतली तर ना शोषण नीट होतं ना पोट बरं राहतं. मळमळ आणि जुलाब बहुधा त्यामुळेच.

परवान्याकडेही एक नजर टाका. हीच कॅप्सूल अन्न पूरक म्हणून १४ अंकी एफएसएसएआय (अन्नसुरक्षा प्राधिकरण) क्रमांकावर विकता येते किंवा आयुर्वेदिक औषध म्हणून आयुषच्या परवान्यावर. पूरक असेल तर ‘औषधी वापरासाठी नाही’ हे छापलेलं असायलाच हवं. त्याच डबीवर पुढे ‘सांधेदुखीवर रामबाण’ असेल तर दोन्हींपैकी एक वाक्य खोटं आहे.

पारदर्शक बाटलीतला माल घेऊ नका. कर्क्युमिन उजेडात विघटित होतं, त्यामुळे दुकानाच्या काचेच्या कपाटात ट्यूबलाइटखाली महिने काढलेली बाटली लेबलावरच्या आकड्याला जागेल याची खात्री नाही. गडद बाटली किंवा अ‍ॅल्युमिनियमची पट्टी बघा. कोकणात आणि पावसाळ्यात पट्टीच बरी, कारण उघडलेल्या बाटलीत कॅप्सूल ओल धरून एकमेकींना चिकटतात. पहिल्यांदा घेत असाल तर ३० चं पाकीट घ्या. १२० च्या डबीवरची सूट खरी असते, पण पोटाला झेपत नाही असं आठव्या दिवशी कळलं तर उघडलेली डबी परत घेत नाहीत.